मलोन हामेलेख दावीद आणि मुंबईचा ताज

जगातील नामांकित हॉटेलांच्या याद्या निघतात तेव्हा दोन नावे सहसा चुकत नाहीत. एक मुंबईचे ताजमहाल हॉटेल आणि दुसरे यरुशलेमचे किंग डेव्हिड, म्हणजे आपले मलोन हामेलेख दावीद. ही दोन्ही हॉटेले आपल्याच गावची वाटावीत अशी माणसे जगात थोडीच असतील, आणि आपण बेने इस्राएल त्यांत मोडतो. राहायला मात्र आपल्यापैकी फारसे कोणी गेले नसतील. संध्याकाळी अपोलो बंदरावर हवा खायला जायचे, चणे-शेंगदाण्याची पुडी घ्यायची, ताजचा मोठा घुमट बघायचा आणि बस धरून उमरखाडी, भायखळा किंवा जेकब सर्कलला परत यायचे, इतकाच आपला ताजशी संबंध. इथे आल्यावर किंग डेव्हिडशीही तसाच, रस्त्यावरून.

अशा याद्या खोल्या, जेवण आणि खिडकीतून दिसणारा देखावा यांबद्दल सांगतात. देखावा दोन्हीकडे अप्रतिम आहे यात शंका नाही. एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे जुन्या यरुशलेमचा तट. पण या हॉटेलांचा इतिहास सांगताना पाहुण्यांची नावे सांगायची आणि तिथे राबणाऱ्यांची विसरायची, अशी जी रीत पडली आहे, तिच्याबद्दल थोडे लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी ताज, कारण तो वडील. जमशेदजी टाटांना वॉटसन हॉटेलात हिंदी माणूस म्हणून अडवले आणि त्या रागात त्यांनी ताज बांधला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. गोष्ट झकास आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. १८९६ पासून प्लेगने मुंबईची दैना उडवली होती. आपल्या शहराची पत पुन्हा उभी राहावी म्हणून जमशेदजींनी हा खर्च केला असावा, हे मला अधिक पटते. दुसरी गोष्ट अशी की इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि वास्तुविशारदाने जीव दिला. हीदेखील दंतकथाच. गाड्या शहराच्या बाजूने याव्यात म्हणून मूळचे प्रवेशद्वार मुद्दामच तिकडे ठेवले होते.

खरी गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. ताजचे मूळ नकाशे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचे आणि त्यांचे सहकारी डी. एन. मिर्झा यांचे. इमारत पुरी होण्याआधीच वैद्य वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने तडीस नेले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले तेव्हा पाहुणे होते अवघे १७. विजेचे दिवे, जर्मन लिफ्ट, अमेरिकन पंखे, तुर्की हमामखाने, सगळे नवलाईचे होते. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हताच, तो १९२४ साली झाला. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात ६०० खाटांचे इस्पितळ होते. मोठ्या हॉटेलांच्या नशिबी हे असतेच; सरकारला जागा लागली की आधी नजर त्यांच्यावर जाते.

किंग डेव्हिडचेही तेच झाले, पण त्याची किंमत फार मोठी पडली.

किंग डेव्हिड १९३१ साली उघडले. मुंबईत जसे ससून, तसे कैरोत मोसेरी हे धनाढ्य यहुदी घराणे होते. त्या घराण्यातील बँकर एझरा मोसेरी यांनी पुढाकार घेऊन हे हॉटेल उभारले. वास्तुविशारद एमिल फोख्त स्वित्झर्लंडचे. दगड मात्र इथलाच, गुलाबी झाक असलेला. आतली सजावट दावीद राजाच्या काळाची आठवण व्हावी अशी करायची ठरली. मग अश्शूरी, हित्ती, फिनिकी अशा सगळ्या प्राचीन नक्ष्या भिंती-छतांवर चढल्या. दावीद राजाने हे पाहिले असते तर त्याला आपले घर ओळखू आले असते की नाही, कोण जाणे! जेवण वाढायला पांढऱ्या झग्यातले, लाल तुर्की टोपीवाले सुदानी वाढपी असत. जुन्या छायाचित्रांत ते दिसतात, पण त्यांची नावे खाली छापलेली नसतात.

नावे छापली जातात ती राजांची. राज्य गेलेले राजे या हॉटेलात येऊन राहिले. स्पेनचे तेरावे अल्फोन्सो, ग्रीसचे दुसरे जॉर्ज आणि इटालियन सैन्यापुढे देश सोडावा लागल्यावर १९३६ साली इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी. सेलासींचे घराणे आपला वंश शलोमो हामेलेख आणि शबाची राणी यांच्यापर्यंत नेते. म्हणजे नातू आजोबांच्या नावाच्या घरी उतरला म्हणायचा, फक्त बिल द्यावे लागले.

१९३८ मध्ये ब्रिटिश मँडेट सरकारने हॉटेलचा दक्षिणेकडचा भाग ताब्यात घेतला. सरकारी सचिवालय आणि लष्करी मुख्यालय तिथे आले. उरलेल्या भागात पाहुणे, चहा, जेवण, सगळे पूर्ववत चालू. एकाच छपराखाली एका बाजूला फायली आणि दुसऱ्या बाजूला केक, अशी आठ वर्षे गेली. २९ जून १९४६ च्या शब्बातला ब्रिटिशांनी धरपकड करून ज्यूइश एजन्सीचे कागदपत्र जप्त केले. त्यानंतर महिन्याच्या आत, २२ जुलैला, इरगुनची माणसे कामगार आणि वाढप्यांच्या वेषात तळघरात शिरली. दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये सुमारे ३५० किलो स्फोटके होती. स्वयंपाकघरातील नोकरांना त्यांनी बंदुकीच्या धाकाने एका जागी रोखून धरले आणि नंतर सोडून दिले. हॉटेल, शेजारची फ्रेंच वकिलात आणि पॅलेस्टाईन पोस्ट यांना फोन केले गेले. इमारत रिकामी झाली नाही. १२ वाजून ३७ मिनिटांनी दक्षिण भागाचा मोठा हिस्सा कोसळला.

९१ माणसे मेली. ४१ अरब, २८ ब्रिटिश, १७ यहुदी, २ आर्मेनियन आणि एकेक रशियन, ग्रीक व मिसरी. हा हिशेब बऱ्याच ठिकाणी देतात. दुसरा एक हिशेब आहे, तो क्वचित देतात. मेलेल्यांपैकी २१ वरिष्ठ सरकारी अधिकारी होते, १३ सैनिक, ३ पोलीस आणि ५ जण जवळपास असलेले. बाकीचे ४९ म्हणजे कारकून, टंकलेखक, शिपाई, हॉटेलचे नोकर आणि कँटीनमधले कामगार. मुंबईत आपल्यापैकी किती घरांचे कर्ते पुरुष रेल्वेत, पोस्टात, सचिवालयात कारकून होते! म्हणून हा ४९ चा आकडा मला वाचून पुढे जाता येत नाही.

फोनची सूचना वेळेवर पोचली होती की नाही, चूक कोणाची, यावर इथे अजून वाद होतात. त्याच दिवसांत ज्यूइश एजन्सीने या कृत्याचा कडक निषेध केला होता, हेही विसरू नये. ६० वर्षांनी, २००६ साली, हॉटेलबाहेर फलक लावला गेला तेव्हा ब्रिटिश राजदूतांनी मजकुराला हरकत घेतली आणि मजकुरात बदल करावा लागला. फलकावर मृतांची संख्या आहे.

१९४८ च्या लढाईनंतर हॉटेलच्या खिडक्यांसमोर सीमा आली; पलीकडे निर्मनुष्य पट्टा आणि त्यामागे तट, जिथे जाण्याची आपल्याला सोय नव्हती. १९५८ मध्ये फेडरमन बंधूंच्या डान कंपनीने हॉटेल विकत घेतले आणि वर मजले चढवले. मग आला नोव्हेंबर १९७७. एकोणीस तारखेला शब्बात संपल्यावर अन्वर सादात यांचे विमान लोद येथे उतरले. आपण सगळे रेडिओ आणि टीव्हीला चिकटून बसलो होतो. सादात उतरले ते किंग डेव्हिडमध्येच. त्यांचे यजमान होते पंतप्रधान मेनाखेम बेगीन, १९४६ साली इरगुनचे प्रमुख असलेले बेगीन. हॉटेलच्या दिवाणखान्यात त्या रात्री ही गोष्ट कोणाच्या मनात आली नसेल असे वाटत नाही.

ताजवर घाला पडला तो २६ नोव्हेंबर २००८ रोजी. त्याच रात्री, तिथून जवळच, नरिमन हाऊसवरही हल्ला झाला आणि लहानग्या मोशेला त्याच्या भारतीय दाईने, सँड्रा सॅम्युअल यांनी, वाचवून बाहेर आणले. ताजमध्ये ३१ जण गेले. पाहुण्यांना मागच्या वाटांनी बाहेर काढताना स्वयंपाकी, वाढपी, सुरक्षारक्षक असे अनेक नोकर मारले गेले. मागच्या वाटा त्यांनाच ठाऊक होत्या. पळून जाणे त्यांना सर्वांत सोपे होते. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली. आत स्मारक आहे, त्यावर ३१ नावे कोरलेली आहेत, पाहुणा आणि नोकर एकाच यादीत.

किंग डेव्हिडमध्येही नावे आहेत. आत लांब मार्गिकेच्या जमिनीवर नामवंत पाहुण्यांच्या सह्या उतरवून ठेवल्या आहेत. २०१७ च्या जुलैत भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी याच हॉटेलात राहिले होते आणि त्याच भेटीत ते मोशेला भेटले. नातवंडे यरुशलेमला फिरायला नेतील तेव्हा आत जाऊन त्या सह्या जरूर पाहा. मग बाहेर येऊन फलकही वाचा, आणि दक्षिणेकडच्या भागापुढे उभे राहून मुलांना तो दुसरा हिशेब सांगा: २१, ४९, १३, ३ आणि ५.