घाटाचा राजा एकटा जिंकत नाही

मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ साली सुरू झाली. बोरघाट आधी चढेल तो 'घाटाचा राजा'. नाव एकाचं होतं, पण रस्त्यावरची शर्यत खरी सांघिक. समोरचा वारा झेलतो, मागच्याचा दम वाचतो. म्हणून आळीपाळीनं पुढे यावं लागतं. १९६० ते १९९२ ऑलिम्पिकमध्ये चौघांच्या संघाची सुमारे १०० किलोमीटरची शर्यत असायची. वेळ धरायचे तिसऱ्याची! एकट्याच्या वेगाला तिथं किंमत नव्हती.

आता राळेगावचं पाहा, राजेहो. खेड्यांतून सायकल मारत कॉलेजात येणारे पोट्टे-पोट्ट्या आहेत. १९८३ पासून अमरावती विद्यापीठ आहे, आंतरविद्यापीठ सायकल स्पर्धाही होतात. मग चौघांना एकत्र सरावाला उतरवणार कोण? कॉलेजवाले, पालक, बोला!