मेल्यावरची भिंत

कांदिवलीहून लोकल पकडा, महालक्ष्मीला उतरा. डॉ. ई. मोझेस रस्ता लागंल. हे मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. बेने इस्रायल, म्हंजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. याच रस्त्यावर त्यांची दफनभूमी हाय.

पण मूळ बघायचं तर अलिबागजवळ नवगावला जायला हवं. गलबत फुटलं, सात बाप्ये नि सात बाया वाचल्या, बाकीची मढी किनाऱ्यावर दोन ढिगाऱ्यांखाली पुरली. एकात बाप्ये, एकात बाया. ही त्यांची पिढीजात सांगी, पुरावा कागदाचा नाही. हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८९७ साली हा इतिहास लिहून काढला. छापला गेला १९३७ साली, तोही तेल अवीवला. चाळीस वर्षं बाड पडून! नवगावला स्मारकाचा खांब उभा राहिला तो १९८५ साली.

वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं 'शनिवार तेली'. दर्यातून आलेल्या परक्यालाही या व्यवस्थेनं जात चिकटवलीच. आणि ती नुसती वरून चिकटली नाही, आतही शिरली. त्यांच्यात 'गोरे' नि 'काळे' झाले. आई समाजाबाहेरची, तर पोर काळं. मग रोटी बंद, बेटी बंद. ज्या कुलाबा जिल्ह्यात १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट.

पुढं ऐका. मुंबईत बगदादी ज्यू आले, व्यापारी, पैसेवाले. सुरवातीला दोघांची दफनभूमी एकच. १८३६ साली बगदादी पुढाऱ्यांनी सरकारकडं अर्ज केला : आमच्या नि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घाला. यांचं रक्त शुद्ध नाही, हा वहीम. देव एक, ग्रंथ एक, शनिवारही एक. तरी मढ्याला मढ्याचा विटाळ! १८७८ साली तर ईलियास डेव्हिड ससूननं चिंचपोकळीला वेगळी दफनभूमीच काढली.

म्हंजे जे गोऱ्यांनी काळ्यांना केलं, तेच बगदाद्यांनी सगळ्या बेने इस्रायलांना केलं. उतरंडीत प्रत्येकाला खालचा कुणीतरी लागतोच.

हीच माणसं इस्रायलला गेली. तिथल्या धर्मपीठानं लग्नाआधी आजी-पणजीची चौकशी लावली. ही माणसं गप बसली नाहीत. जेरुसलेमात ठिय्या दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेला सांगावं लागलं, हे सर्वार्थानं ज्यू आहेत.

आता गावी गेलात की आपलाही मसणवटा बघून या. गावात मसणवटे किती, आपल्या वाट्याचा कुठं, वाट कुणाच्या शेतातून, सातबारा कुणाच्या नावावर. वहीत टिपा.