लोखंडाला मंत्र चालत नाही

१९८० साली 'रोग' नावाचा कॉम्प्युटर गेम आला. त्याच्या वळणाच्या गेम्सना रोगलाइक म्हणतात. दर वेळी नवं भुयार, आणि मेलात की सगळं पहिल्यापासून. त्यांतलाच १९८७ चा 'नेटहॅक' मी मोबाइलवर खेळतो. त्यात तलवार चालवणारा आणि मंत्रही टाकणारा गडी सांभाळणं फार अवघड. अंगात लोखंडी चिलखत घातलं की त्याचे मंत्र फसू लागतात. ढाल घेतली तर आणखी फसतात. वरून झगा चढवला तर थोडी सूट मिळते. दर वेळी प्रश्न तोच: अंग झाकायचं की मंत्र राखायचा?

हाच प्रश्न ३०० वर्षांपूर्वी नांदेडात एका खऱ्या माणसापुढे आला होता.

माधोदास बैरागी मूळचा जम्मूकडच्या राजौरीचा, जन्म १६७० चा. फिरत फिरत तो गोदाकाठी आला आणि मठ करून राहिला. तंत्रमंत्रासाठी त्याचा दबदबा होता. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. परंपरा सांगते, ते मठात त्याच्या पलंगावर जाऊन बसले. माधोदासानं सगळी विद्या लावली, पण पलंग उलटेना. अखेर तो गुरूंचा 'बंदा' झाला. आज आपण त्यांना बंदासिंग बहादूर म्हणतो.

आता त्यांना मिळालेलं सामान बघा. गुरूंच्या भात्यातले पाच बाण, एक नगारा, एक निशाण, पाच सल्लागार, वीसेक साथीदार आणि पंजाबातल्या शिखांच्या नावे हुकूमनामे. हजाराहून जास्त किलोमीटर जायचं आणि मोगल सुभ्याशी लढायचं, त्यासाठी एवढंच!

गेमच्या हिशेबानं ही यादी हसण्यासारखी आहे. पाच बाण एका चकमकीत संपतात. नगारा आणि कागद कुणाला लागत नाहीत. पण ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरू नांदेडातच गेले, आणि मग तेच बाण आणि हुकूमनामे 'याला गुरूंनी पाठवलंय' याची खूण ठरले. नगारा वाजला की माणसं जमत. शेतकरी आणि कारागीर हाताला लागेल ते घेऊन आले. नोव्हेंबर १७०९ मध्ये समाना पडलं. मे १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत सरहिंदचा फौजदार वजीरखान मारला गेला. बंदासिंगांनी जमीनदारी मोडली, कसणाऱ्यांना जमिनी दिल्या, गुरूंच्या नावानं नाणी पाडली.

मोगलांना मात्र ही सारी जादूच वाटली. डिसेंबर १७१५ मध्ये गुरदासनंगलला बंदासिंग हाती लागले, तेव्हा ते मंत्रानं निसटतील या भीतीनं त्यांना साखळदंड घालून लोखंडी पिंजऱ्यात ठेवलं. म्हणजे नियम नेटहॅकचाच: लोखंडानं मंत्र अडतो. जून १७१६ मध्ये दिल्लीत त्यांना हालहाल करून मारलं.

पण पिंजऱ्याआधीच खेळ संपला होता. गुरदासनंगलचा वेढा आठेक महिने चालला. दाणागोटा संपला, माणसं गवत आणि झाडपाला खाऊ लागली. रोगलाइक खेळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. चिलखत की झगा, याचा काथ्याकूट आपण तासभर करतो, आणि झोळीत भाकरी किती उरली ते बघायचं राहून जातं.

बंदासिंगांना त्यांच्या सामानानं दगा दिला नाही. नगाऱ्यानं माणसं जमवली, बाणांनी विश्वास मिळवला. मोगलांनी पिंजऱ्यात कोंडला तो नांदेडचा मांत्रिक. पण तो मंत्र तर माधोदासानं १७०८ सालीच गोदाकाठी सोडून दिला होता.