ड जीवनसत्त्व आणि विषाणुजन्य श्वसनसंसर्ग

रक्तातील ड जीवनसत्त्व कमी असले तर सर्दी, फ्लू, कोविड यांसारखे श्वसनमार्गाचे विषाणुजन्य आजार लवकर जडतात का, हा वैद्यकातील वादाचा विषय. ही पातळी २५-हायड्रॉक्सी ड या रूपात मोजतात. दर मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम पुरेसे, १२ च्या खाली उणीव, असा एक प्रचलित निकष आहे. फ्लूच्या साथींचा सूर्यप्रकाशाच्या ऋतुचक्राशी संबंध असावा, असे इंग्लंडमधील डॉक्टर होप-सिम्पसन यांनी १९८१ मध्ये मांडले. पुढे २००६ मध्ये इतर संशोधकांनी त्याचा दुवा ड जीवनसत्त्वाशी जोडला. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उजेडात आली : जंतूची चाहूल लागताच भक्षक पेशी हे जीवनसत्त्व स्वतःच कार्यक्षम रूपात आणतात आणि त्याच्या बळावर कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन तयार करतात. प्रयोगशाळेत हे प्रथिन फ्लूच्या विषाणूलाही निकामी करते.

तरीही पातळी कमी म्हणून आजार, असा निष्कर्ष यातून निघत नाही. वृद्ध, स्थूल, मधुमेही आणि घराबाहेर न पडणारी माणसे यांच्यात ड जीवनसत्त्वही कमी असते आणि संसर्गही अधिक गंभीर होतो. शिवाय शरीरात दाह वाढला की ही पातळी आपोआप घसरते. म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्यावर काढलेला कमी आकडा हा आजाराचा परिणामही असू शकतो. कोविडच्या काळात अशा आकड्यांवरून घाईने अनुमाने काढली गेली. खरा निवाडा, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेल्या चाचण्याच करू शकतात.

या चाचण्यांची सुरुवात आशादायक होती. जपानमध्ये शाळकरी मुलांना हिवाळाभर रोज १,२०० युनिट दिल्यावर इन्फ्लुएन्झा ए १०.८ टक्के मुलांना झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत तो १८.६ टक्के होता. इन्फ्लुएन्झा बी मात्र कमी झाला नाही. मार्टिनो व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २५ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा थोडा लाभ दिसला. तो १० नॅनोग्रॅमच्या खाली पातळी असलेल्या आणि रोज किंवा दर आठवड्याला मात्रा घेणाऱ्यांत ठळक होता. पण चाचण्या वाढत गेल्या तसा लाभ विरत गेला. २०२१ च्या विश्लेषणात तो आणखी लहान झाला, २०२५ च्या विश्लेषणात संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ब्रिटनमधील सुमारे ६,२०० प्रौढांच्या चाचणीत कोविडही टळला नाही.

यावर आक्षेप असा, की चाचण्यांतील बहुतेकांना मुळात फारशी उणीव नव्हती. पोट भरलेल्याला जेवण वाढून उपयोग काय? आक्षेप वजनदार आहे. मंगोलियात सरासरी ७ नॅनोग्रॅम पातळी असलेल्या मुलांना ड जीवनसत्त्वयुक्त दूध दिल्यावर पालकांनी सांगितलेले श्वसनाचे आजार जवळजवळ निम्मे झाले. मात्र २०२१ च्या मोठ्या विश्लेषणात कमी पातळीच्या गटातही स्पष्ट लाभ आढळला नाही. म्हणून तीव्र उणिवेपुरती शक्यता खुली ठेवावी. सरसकट संरक्षणाचा दावा मान्य करता येत नाही.

भारतात ऊन मुबलक असूनही उणीव सर्रास आढळते आणि औषधाच्या दुकानात ६०,००० युनिटची साशे सहज मिळते. हाडांसाठी उणीव भरून काढलीच पाहिजे, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने. अतिरेकी मात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. फ्लूपासून बचावासाठी लस उपलब्ध आहे; साशे हा तिला पर्याय नाही.