उस्ताद, क्लच आणि आठवी पास

"आहिस्ता सर, आहिस्ता. क्लच पे से पाँव एकदम नक्को छोडो."

हे सांगणारा एकेकाळी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. सातवीनंतर त्याची शाळा सुटली. आज तो बोरीत भाड्याची गाडी चालवतो आणि पंचेचाळिशीला टेकलेल्या मला आपल्या जुन्या मारुतीवर शिकवतो. लर्निंग लायसन्स खिशात, काचेवर लाल ‘एल’, आणि पहिल्याच सकाळी गाडी अकरा वेळा बंद पडली. मोजली त्याने, मी नाही. सवयीने मी त्याला ‘बेटा’ म्हणालो, तर मागच्या सीटवरचा पोऱ्या खुदकन हसला. त्याच्यासाठी तो ‘उस्ताद’ आहे.

आमच्या भागात गवंडी, शिंपी, पहिलवान आणि ड्रायव्हर, सगळ्यांचा गुरू उस्तादच. गाडीचा धंदा इथे पुस्तकातून कुणी शिकला नाही. आधी क्लीनर व्हायचं, काच पुसायची, चाकाखाली दगड लावायचा, पाना हातात द्यायचा. मग रिकाम्या रस्त्यावर उस्तादाची मर्जी असेल तेव्हा स्टेअरिंग मिळायचं. बी.एड.ला आम्ही अध्यापनाच्या पद्धती पाठ केल्या होत्या. त्यात ही कुठेच नव्हती.

या पद्धतीला इतका वेळ का लागायचा, याचं एक कारण गिअरपेटीत आहे. इंजिन सतत फिरत असतं, चाकं मात्र कधी थांबलेली तर कधी पळणारी. दोघांची गाठ घालून देणारा, आणि हवी तेव्हा सोडवणारा, तो क्लच. पाय दाबला की गाठ सुटते, हळूहळू उचलला की तबकडी घासत घासत पकड घेते. त्या मधल्या जागेला आपण ‘हाफ क्लच’ म्हणतो. नवशिक्याची सारी फजिती तिथेच होते.

फ्रान्समध्ये पानार-लेव्हासोर कंपनीने १८९० च्या दशकात सरकत्या दात्यांची गिअरपेटी रूढ केली. तिच्यात वेगवेगळ्या गतीने फिरणारे दाते थेट एकमेकांत घुसवावे लागत. गती जुळली नाही की कर्रर्र आवाज यायचा आणि क्लीनरच्या पाठीत धपाटा बसायचा. म्हणून डबल क्लच मारायचा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून गिअर. हे सगळं कानाने. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने आपल्या मोटारींत सिंक्रोमेश आणलं. दात्यांची गती आधी जुळवून घेणारी ही सोय ट्रकांपर्यंत यायला मात्र पुष्कळ काळ गेला. आमच्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांचे कान सतारियाच्या तोडीचे होते, असं मी म्हणालो तर त्यात अतिशयोक्ती थोडीच असेल.

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपला मोटार विभाग काढला, २७ बस आणि १६६ माणसं घेऊन. आपल्या एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनी. १९५१ मध्ये ही बससेवा रेल्वेकडून हैदराबाद सरकारकडे गेली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमच्या बसही आमच्यासोबत आल्या. मराठवाड्याच्या इतिहासात तारखा बहुतेक सत्तांतराच्या येतात. या बसच्या तारखा कुणी शिकवत नाही, मीही शिकवल्या नाहीत.

एक गंमत सांगतो. त्याच हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं. त्याआधीच दारुत्तर्जुमा नावाचं भाषांतर खातं निघालं होतं, आणि शास्त्रांच्या संज्ञांना तिथे उर्दू प्रतिशब्द घडवले जात होते. गॅरेजपर्यंत त्यातलं काही पोहोचलं नाही. तिथे क्लच क्लचच राहिला. फक्त शिकवणाऱ्याला उर्दू शब्द मिळाला.

आणि शिकवणारे पुष्कळदा आपलेच. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगारांचं प्रमाण जिथे तुलनेने जास्त दिसतं, त्या व्यवसायांत रस्ता-वाहतूक आणि वाहनदुरुस्ती आहे. आपण हे वाचून ‘मेहनती कौम’ म्हणून मान डोलावतो. मला त्याच्या शेजारी शाळागळतीचं पान ठेवल्याशिवाय ते वाचता येत नाही. माझ्या हजेरीपटावरून जी नावं गळाली, त्यांतली कितीतरी मला नंतर जिंतूर-परभणी रस्त्यावर स्टेअरिंगमागे दिसली.

त्यांच्या वाटेत कायदाही होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला आठवा नियम सांगायचा की व्यावसायिक वाहनाचं लायसन्स हवं तर आठवी पास पाहिजे. माझ्या या विद्यार्थ्याकडे सातवीचा दाखला होता. गिअर बदलताना आवाज येऊ न देणारा हा माणूस कितीतरी वर्षं कागदावर क्लीनरच होता. २०१९ मध्ये केंद्राने ही अट काढायचं ठरवलं. मागणी हरियाणा सरकारची होती, मेवात भागासाठी. तिथे मेव मुसलमानांची मोठी वस्ती आहे आणि ड्रायव्हिंग हे कित्येक घरांचं पोट. देशात सुमारे २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत, असंही तेव्हा मंत्रालयाने सांगितलं.

मी शिक्षक. शिक्षणाची अट काढली म्हणून मला आनंद व्हावा का? व्हायला नको, पण झाला. ज्याला आपण आठवीपर्यंत नेऊ शकलो नाही, त्याच्याकडेच आठवीचा दाखला मागायचा, हा हिशेब मला कधी पटला नाही. मात्र त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट होती: ड्रायव्हरला रस्त्यावरची चिन्हं वाचता यावीत, गाडीच्या नोंदी ठेवता याव्यात, हे प्रशिक्षण देणाऱ्याने बघायचं. दाखला गेला, वाचन राहिलं. ते योग्यच आहे.

आता आमचा सौदा असा ठरलाय. फजरनंतर तासभर तो मला हाफ क्लच शिकवतो. रविवारी दुपारी त्याचा पोऱ्या माझ्या ओसरीवर येतो. त्याला अठरा पूर्ण झाली आहेत आणि लर्निंगची परीक्षा संगणकावर द्यायची आहे. तो उर्दू झरझर वाचतो, मराठी जोडाक्षराला अडखळतो. परवा ‘अरुंद पूल’ वाचताना तीनदा थांबला. चौथ्यांदा वाचलं तेव्हा दारात उभा असलेला त्याचा उस्तादही ओठ हलवत होता.

गाडी काल फक्त दोनदा बंद पडली.