हरभरा, अळी आणि पुण्याची प्रयोगशाळा

मिरकाबमध्ये राहून हुमुस करा नाहीतर छोल्यांची उसळ, चणे भिजवून नीट शिजवावेच लागतात. कच्चे चणे पचायला जड. त्याचं एक कारण म्हणजे त्यांच्यातली काही प्रथिनं आपल्या पोटातलं ट्रिप्सिन अडवतात. शिजवल्यावर त्यांचा जोर बराच ओसरतो.

ट्रिप्सिन हे सेरीन प्रोटिएज कुटुंबातलं एन्झाइम. ही एन्झाइम्स म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या कात्र्या, आणि कापण्याचं मुख्य काम त्यांच्यातलं सेरीन हे अमिनो आम्ल करतं. जखमेवर रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन याच कुटुंबातलं, आणि गुठळी विरघळवणारं प्लाझ्मिनही.

पण हरभरा हे अडवणारं प्रथिन बनवतो कशाला? १९७२ मध्ये अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की किड्यानं पान कुरतडलं की बटाटा-टोमॅटोची झाडं अशी प्रथिनं जास्त बनवतात. म्हणजे हे झाडाचं हत्यार! १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी चवळीतलं असं एक जनुक तंबाखूत घातलं आणि ते झाड अळ्यांना जास्त दाद देईना. आता फवारणीची गरजच उरणार नाही, अशी आशा वाटू लागली.

महाराष्ट्रात हा प्रश्न पोटापाण्याचा होता. घाटे अळी हरभऱ्याचे घाटे पोखरते. तूर आणि कापूसही सोडत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांनी या अळीचं पोट तपासलं. १९९८ मध्ये त्यांनी जे छापलं ते आशेवर पाणी ओतणारं होतं: अळीची एन्झाइम्स हरभऱ्याचं हत्यारच पचवून टाकतात. पिढ्यान्‌पिढ्या हरभरा खाऊन ती त्याला सरावली होती.

मग याच गटानं उलटा विचार केला. अळी जी झाडं खात नाही, त्यांची प्रथिनं वापरली तर? १९९९ च्या त्यांच्या निबंधात भुईमूग, बटाटा आणि चौधारी घेवडा यांच्या प्रथिनांनी अळीची वाढ रोखली. पण एकच प्रथिन पुरत नाही. वेगवेगळी आलटून-पालटून वापरावी लागतात, हेही त्यांनी सांगितलं.

मला या इतिहासात हेच महत्त्वाचं वाटतं. एकाच उपायावर विसंबलं की कीड त्यातून वाट काढते. पुढे बीटी कापसावरच्या गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या शेतकऱ्यांना तेच दाखवून दिलं, फार मोठी किंमत वसूल करून.