खडी फोडली, पुढे काय राहिलं?

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं, "हातचं काम गेलं की सरकार कामं काढतं, पैसा ओततं. पण त्यातून कायमचा रोजगार मिळतो का? की चार महिने घमेली वाहायची आणि पुन्हा घरी बसायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात यावर मोठमोठे वाद होतात. आपल्याकडे मात्र याचं उत्तर जमिनीवर लिहिलेलं आहे, तलावांच्या भिंतींत आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगांत. आज तेच वाचून पाहू.

सुरुवात करू १८७६ पासून. त्या साली दख्खनमध्ये पाऊस हुकला आणि मोठा दुष्काळ पडला. इंग्रज सरकारने दुष्काळी कामं काढली, पण हात आखडता ठेवूनच. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांच्या सांगण्यावरून मजुरी कमी करण्यात आली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला साधारण एक पौंड धान्य येईल एवढे पैसे आणि वर एक आणा, बाईला त्याहून कमी. एवढ्यात पोट भरेना म्हणून मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली. त्या दुष्काळात देशभर लाखो माणसं मेली.

त्याच वर्षांत, त्याच अर्धपोटी हातांनी सुरू झालेली दोन कामं आजही उभी आहेत. माण नदीवरचा राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवडचा तलाव असंही म्हणतात, हे त्यातलं एक. दुसरं म्हणजे नीरेचा डावा कालवा. या कालव्याचं खोदकाम दुष्काळी काम म्हणून सुरू झालं आणि पुढे भाटघरच्या धरणाचं पाणी त्याला मिळालं. त्या पाण्यावर बारामतीकडच्या माळरानावर ऊस उभा राहिला. उसामागून गुऱ्हाळं आली, साखर कारखाने आले, ऊसतोडीचं काम आलं. म्हणजे ज्यांनी माती वाहिली त्यांना मिळाली मूठभर ज्वारी, आणि कालव्याने पुढे शंभराहून जास्त वर्षं हजारोंना काम दिलं. यातली पहिली गोष्ट लक्षात ठेवा : मजुरी आणि मालमत्ता हे दोन वेगळे हिशेब आहेत. एक चांगला निघाला म्हणून दुसराही चांगला निघेल असं नाही.

आता येऊ १९७२ च्या दुष्काळाकडे. आपल्यातल्या वयस्कर बायांना तो आठवत असेल. आमच्या आईला विचारलं की ती आधी मिलोच्या भाकरीचं सांगते, लाल, चिवट, गिळता न येणारी भाकरी. मग सुकडीचं सांगते. आणि मग हाताचे तळवे पुढे करते. "खडी फोडून फोडून हे असे झाले," म्हणते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. घरातली एकेक कमावती व्यक्ती धरली तरी केवढी घरं त्या मजुरीवर जगली, याचा अंदाज करा. १८७६ सारखी माणसं मेली नाहीत, याचं मोठं श्रेय या कामांना जातं.

आणखी एक गोष्ट घडत होती, ती हजेरीपटावर दिसत नाही. मजुरीचे पैसे हातात पडले की बाई आठवडी बाजारात जायची. किराणावाल्याची जुनी उधारी फिटायची, लेकराला कापड घेतलं की शिंप्याला काम मिळायचं. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई असते. मंदीत सगळेच खर्च आवरतात, म्हणून सगळ्यांचीच कमाई आटते. अशा वेळी सरकारने घातलेला पैसा हे रहाट पुन्हा फिरवतो. पण पैसा घालणं थांबलं आणि मागे काही उभं राहिलेलं नसलं, तर रहाटही थांबतं.

आणि १९७२ च्या कामांत तसं खूप झालं. खडी फोडली, पण तिचा रस्ता झालाच नाही. ढीग तसेच पडून राहिले आणि त्यावर गवत उगवलं. पाझर तलाव झाले, त्यातले कित्येक गाळाने भरले, कारण गाळ काढायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. उलट जिथे तलाव नीट झाला, तिथे खालच्या बाजूच्या विहिरींना पाणी आलं आणि एका पिकाच्या जागी दोन पिकं आली. खुरपणी, काढणी वाढली आणि गावात वर्षाचे आणखी काही महिने काम मिळू लागलं. काम दोन्हीकडे तेवढंच झालं होतं, घामही तेवढाच गेला होता. फरक एवढाच की एका ठिकाणी पाणी अडलं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

दुष्काळ आला की कामं काढायची आणि सरला की बंद करायची, हे चक्र मोडायची कल्पना त्याआधीच पुढे आली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात तिचा पहिला प्रयोग झाला. त्यातून रोजगार हमी योजना आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, न दिलं तर भत्ता द्यायचा. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा. म्हणजे मुंबईतल्या पगारातला काही भाग माणदेशातल्या बाईच्या मजुरीला येऊ लागला. मजुरी कामाच्या मापावर ठरायची, बाईला एक दर आणि पुरुषाला दुसरा असं नव्हतं. कामावर सावली, पाणी, लेकरांची सोय हवी, हेही ठरलं. या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या.

हमीचा एक फायदा असा की ती कामावर न गेलेल्या बाईलाही मिळते. सरकारी काम जवळ आहे म्हटल्यावर शेतमालकाला मजुरीचा दर फार पाडता येत नाही. "परवडत नसेल तर मी रोजगार हमीवर जाते," एवढं बोलण्याची सोय होणं, हीसुद्धा कमाईच आहे.

पण टिकाऊ रोजगाराचा प्रश्न तिथेही सुटला नाही, आणि तो विचारला खुद्द मजुरांनीच. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतले अनेक कामगार आपापल्या गावी परतले. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात त्याच काळात दुष्काळ पडला. रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या माणसांनी विचारायला सुरुवात केली : दर दुष्काळात आम्ही खडीच का फोडायची? दुष्काळच हटेल असं काम आम्हाला का देत नाही? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ वाढली आणि येरळा नदीवर बळीराजा धरण उभं राहिलं. तिथे पाणी वाटताना ज्यांना जमीन नाही त्यांचाही पाण्यावर हक्क आहे, हा विचार मांडला गेला.

मैत्रिणींनो, माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. पाझर तलाव बांधला मजूर बाईने, पण पाणी गेलं कुणाच्या विहिरीला? ज्याची जमीन खालच्या अंगाला आहे त्याच्या. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. ही योजना गाजली आणि ते योग्यच होतं. पडीक जमिनीवर आंबा, काजू, डाळिंब, बोर लागली. झाड एकदा लावलं की छाटणी, तोडणी, प्रतवारी, वाहतूक, सगळ्याला वर्षानुवर्षं माणसं लागतात. टिकाऊ काम म्हणतात ते हेच. पण खड्डे खणणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. बाग मालकाची झाली, तिला मिळाली पुढची रोजंदारी. रोजंदारी मिळाली हे चांगलंच झालं, पण मालकीचा हिशेबही मांडायला हवा.

पुढे २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होताच. त्यात घरामागे वर्षाला १०० दिवस कामाची हमी दिली होती. २०२० मध्ये टाळेबंदीत शहरातली कामं बंद पडली आणि माणसं चालत गावी आली, तेव्हा ठरलेल्या ६१,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीत आणखी ४०,००० कोटींची भर घालावी लागली. त्या वर्षभरात कित्येक घरांची चूल या कामावर पेटली.

तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर काय? सरकारी पैशाने काम लगेच मिळतं, यात शंका नाही. वाईट वर्षात ते मिळालंच पाहिजे, कारण भूक पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही. पण काम टिकतं की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं. मागे काय उरलं, पाणी, झाड, रस्ता, की नुसता ढीग? त्याची निगा कोण राखणार? आणि त्यात राबणाऱ्यांचा वाटा किती?

हे तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवा. ग्रामसभेत कामांची यादी वाचली जाते तेव्हा बहुतेकदा आपण मागे बसून ऐकतो. पुढच्या वेळी उभं राहून एक तरी प्रश्न विचारा. खानापूरच्या मजुरांनी तो विचारला, म्हणून तिथे खडीच्या ढिगाऐवजी धरण उभं राहिलं.